मेहरूचाचीचं जहाज

सात छोटे भोंगे आणि एक लांब. दोन्ही तळहात तोंडाभोवती धरून मेहरूचाची तिच्या पडवीत जहाजावरचा हा धोक्याचा भोंगा वाजवायची, तेव्हा आधी आमच्या वाडीतल्या कोंबड्या पळायच्या आणि मग तिच्याकडे उतरलेले पाहुणे. पाहुण्यांनी पळायचं नाही, हीच तर तिची शिकवण होती. हातातलं असेल ते तिथंच टाकायचं, चपला घालायच्या, लिफ्टने न येता जिन्याने यायचं आणि फणसाखाली रांगेत उभं राहायचं. तिच्या बैठ्या घराला जिना नव्हता. तरी ती प्रत्येकाला विचारायची, "कुठनं आलात? जिन्यानं ना?" आणि समोरचा माणूस हो म्हणेपर्यंत त्याला सोडायची नाही.

दिवेआगरात आमच्या शेजारी तिचं घर. त्यातल्या दोन खोल्या ती पर्यटकांना द्यायची. एकदा अलिबागचं एक वकील जोडपं तिच्याकडे उतरलं होतं. मोठ्या क्रूझचं बुकिंग केलंय, असं ते जेवताना सहज बोलून गेले. चाचीने वाढता वाढता हातातला डाव बाजूला ठेवला आणि विचारलं, "आतली खोली घेतलीत का बाहेरची?" तिथून जे सुरू झालं ते रात्रीच्या चहापर्यंत चाललं. ते जोडपं क्रूझवर जाऊन आलं, परत येताना चाचीसाठी मिठाई घेऊन आलं आणि अलिबागेत जाऊन त्यांनी सगळ्यांना सांगितलं की क्रूझला जायचं असेल तर आधी दिवेआगरला जाऊन या. मग श्रीवर्धन, अलिबाग, माणगावहून लोक तिकिटं घेऊन चाचीच्या पडवीत यायला लागले.

गंमत अशी की चाचीने जन्मात कधी जहाजावर पाय ठेवला नव्हता.

तिचं सगळं ज्ञान फोनवरचं. इब्राहिमचाचा, म्हणजे तिचा नवरा, बावीस वर्षं अमेरिकेच्या बाजूच्या मोठ्या जहाजांवर केबिन स्टुअर्ड होते. खोल्या झाडायच्या, गाद्या घालायच्या, टॉवेल बदलायचे. नऊ नऊ महिन्यांनी घरी यायचे. बंदरावर उतरले की फोन करायचे आणि चाची त्यांना पोलिसासारखे प्रश्न विचारायची. खाता काय, झोपता कुठे, वाट कशी सापडते, वारा सुटला की ताटं पडतात का. चाचा सांगायचे आणि त्यातलं एक अक्षर ती विसरायची नाही. "वाट चुकलात तर गालिच्याकडे बघा," ती लोकांना सांगायची. "गालिच्यावर मासे काढलेले असतात. सगळ्या माशांची तोंडं जहाजाच्या नाकाकडे. शेपटीमागनं गेलात की मागचं जेवणघर." लिफ्टमधल्या गालिच्यावर वार लिहिलेला असतो आणि तो रोज पहाटे बदलतात, कारण जहाजावर माणसाला वार आठवत नाही, हेही तिनेच सांगितलं. एकच कार्ड मिळतं, तीच चावी, तेच ओळखपत्र, खर्चही त्याच्यावरच चढतो, म्हणून ते गळ्यात घाला. पहिल्या दिवशी मोठ्या बॅगा खोलीत उशिरा येतात, तेव्हा औषधं आणि एक कपडा हातातल्या पिशवीत ठेवा. जेवणावर तिचं म्हणणं एवढंच होतं, "बुफे संपत नाय. तुमीच संपाल." आणि बंदरावर फिरायला उतरणाऱ्यांना ती बोट दाखवून बजावायची, "परत यायची वेळ म्हणजे वेळ. जहाज कुणाची वाट बघत नाय. वाट बघायला घरी माणसं हायत."

खोलीबद्दल तिचं मत ठाम होतं. आतली, बिनखिडकीची खोली घ्यायची. ती स्वस्त असते, आणि झोपताना डोळे मिटलेलेच असतात. कुणी कुरकुर केली की ती म्हणायची, "खिडकी ज्याला नऊ महिने ऱ्हायचं त्याला पायजे. आमच्या ह्यांना हाय. तुमाला चार रात्रींना कशाला?"

ही चाचांची खिडकी मला चांगलीच ठाऊक होती. मी गावातल्या शाळेत भूगोल शिकवायचे. संध्याकाळी शाळेतून आले की चाची मला हाक मारायची आणि आम्ही सुरूच्या बनातून किनाऱ्यावर जायचो. सूर्य बुडेपर्यंत ती वाळूत बसायची. पहिल्यांदाच तिने मला सांगितलं होतं, की ह्या वेळेला हे त्यांच्या खिडकीतून समुद्र बघतात, आणि मी इथून बघते. खिडकी गोल आहे, पितळी कडीची आहे, बाजूला खुर्ची आहे, ही सगळी माहिती तिच्याकडे होती. मी मनात वेळ मोजायचे. आमच्याकडे साडेसहा वाजतात तेव्हा तिकडे सकाळचे नऊ असतात. तिथे कुठला सूर्यास्त? पण बाई, हे मी कशाला सांगू, असं मी स्वतःलाच म्हणायचे. दिवसभर चाळीस मुलांना रेखावृत्तं शिकवणारी मी, रोज संध्याकाळी वाळूत गप्प बसायचे. अशी किती तरी वर्षं गेली.

मग महामारीत जगभरची जहाजं बंद पडली आणि चाचा कायमचे घरी आले. ते आले आणि महिन्या-दोन महिन्यांत वादळ आलं. चाचीच्या वाडीतल्या सुपाऱ्या अर्ध्याहून जास्त झोपल्या, घराची कौलं उडाली. त्या धामधुमीत चाचांना जहाजाची आठवण काढायला वेळ मिळाला नाही. पण घर सावरलं आणि आम्हाला कळलं की गावात आता एक स्टुअर्ड आहे. ते पहाटे उठून पाहुण्यांच्या गाद्या अशा ताणून घालायचे की त्यांवर झोपायला पाहुण्यांना संकोच वाटायचा. उशीवर चॉकलेट नसेल तर चिक्की. टॉवेलाचे हत्ती, माकडं, हंस. एकदा त्यांच्याकडे लग्नाचं वऱ्हाड उतरलं होतं तेव्हा चाचांनी पंच्यांची अकरा माकडं करून दोरीला टांगली आणि नवरदेवाच्या आजोबांना अंघोळीला पंचा मिळेना.

एवढा हौशी माणूस, पण चाचीने "मला एकदा जहाज दाखवा" म्हटलं की विषय बदलायचा. कधी गुडघे दुखायचे, कधी वाडीत काम निघायचं, कधी म्हणायचे, तिथे काय बघायचंय, मोठी इमारतच ती. शेवटी त्यांची मुलगी शबाना, शारजाला असते ती, तिने आईची साठी धरून परस्पर तिकिटं काढली. मुंबईहून निघायचं, एक दिवस समुद्र, एक दिवस कोची, पुन्हा एक दिवस समुद्र आणि परत मुंबई. आईच्याच शिकवणीप्रमाणे आतली खोली. आम्हीही शेजारची खोली घेतली. आमच्या ह्यांना दिघीच्या जेटीवरून आगरदांड्याला जातानाही उलटी होते, पण चाचीने त्यांच्या खिशात हिरवी सफरचंदं भरली आणि सांगितलं की जहाजावरचे लोक हेच खातात, मुकाट्याने चावत राहा.

मांडव्याहून रो-रो बोटीने आम्ही मुंबईत उतरलो आणि क्रूझच्या धक्क्यावर पोचलो, तेव्हा चाची आमच्या चौघांची म्होरकी होती. बॅगांना पट्ट्या कुठे लावायच्या, कागद कुठल्या हातात धरायचे, फोटो काढताना पदर किती मागे घ्यायचा, सगळं तिला माहीत. रांगेतल्या लोकांनी दहा मिनिटांत तिला ओळखलं आणि मग पुढच्या-मागच्या सगळ्यांच्या शंका तिच्याकडे यायला लागल्या. नाशिकच्या एका काकांनी विचारलं, तुमची ही कितवी क्रूझ? चाची म्हणाली, "पयली." काकांना तो विनोद वाटला.

आत पाय ठेवल्यावर मात्र ती दारातच थांबली. वर सात मजले मोकळे, काचेच्या लिफ्ट, मधोमध पियानो. मागचे लोक खोळंबले. मला वाटलं ती भांबावली. ती खाली बघत होती. गालिच्यावर मासे होते. तिने एका माशाच्या तोंडाकडे बोट केलं, त्या दिशेने चालायला लागली आणि आम्ही दोनशे पावलांवर बरोबर जहाजाच्या पुढच्या टोकाच्या थिएटरात पोचलो. लिफ्टमध्ये शिरलो, खाली बुधवार लिहिलेला होता. त्या दिवशी बुधवारच होता. मी आणि चाची एकमेकींकडे बघून अशा हसायला लागलो की लिफ्टमधले परदेशी लोकही हसायला लागले.

फक्त भोंग्याच्या सरावाने तिची निराशा केली. आता नियम बदललाय. खोलीतल्या टीव्हीवर सूचना बघायच्या आणि नेमून दिलेल्या जागी जाऊन कार्ड दाखवून यायचं, बस. भोंगा वाजला, चाचीने बोटांवर मोजला, सात आणि एक, बरोबर. पण रांग कुणी करेना. तिला ते पटलं नाही. ती आमच्या जागेवर जाऊन उभी राहिली आणि येईल त्याला रांगेत उभं करत गेली. कार्ड तपासणारा अधिकारी वळून बघतो तर पंधरा-वीस माणसं एकामागे एक ताठ उभी, आणि चाची एका गुजराती आजींना विचारतेय, "जिन्यानं आलात ना?"

मुंबई सोडल्यावर सगळं कोकण डाव्या हाताला येणार म्हणून आम्ही डेकवर डाव्या कठड्याला लागून उभे राहिलो. अलिबाग कुठलं आणि थळ कुठलं ह्यावरून ह्यांचं आणि चाचांचं वाजलं. काहीही दिसत नव्हतं, नुसती एक धुरकट रेघ होती, पण दोघेही हटायला तयार नव्हते. ह्यांना समुद्र लागायचा राहूनच गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र घोटाळा झाला. आमच्या मजल्याची स्टुअर्ड मार्था नावाची गोव्याची बाई होती, पन्नाशीची, हसरी. ती चाचांच्या खोलीत साफसफाईला आली तेव्हा मीही तिथेच होते. खोलीत करायला काही उरलंच नव्हतं. चाचांनी पहाटेच दोन्ही गाद्या घातल्या होत्या, न्हाणीघर कोरडं केलं होतं आणि टॉवेलाचा एक हत्ती करून तिच्यासाठी ठेवला होता. मार्थाने चादरीचा दुमडलेला कोपरा उचलून बघितला, परत घातला आणि विचारलं की इथे जहाजावर काम केलेलं कोण आहे. चाचांनी शाळेतल्या मुलासारखा हात वर केला. मग काय, दोघांच्या गप्पा रंगल्या. कुठली जहाजं, कुठले साहेब, कुठल्या बंदरावर फोन स्वस्त. चाची कौतुकाने ऐकत होती. मधेच ती मार्थाला म्हणाली की तुलाही ह्यांच्यासारखी खिडकीवालीच खोली असेल ना.

मार्था हसली. अगदी निर्मळ, कुणाला दुखवायच्या हेतूने नव्हे. ती म्हणाली, "खिडकी आमाला कुठली, बाई? आमी पाण्याच्या खाली ऱ्हातो. खिडकी उघडली तर मासे आत येतील."

चाचीही हसली. मार्थापेक्षा मोठ्याने हसली. दोघी टाळ्या देऊन हसल्या, आणि चाचा उशी पोटाशी धरून भिंतीला चिकटून उभे राहिले. मार्था गेली. दार लागलं. चाचीचं हसू थांबलं आणि तिने शांतपणे विचारलं, "पितळी कडी पण नव्हती?"

चाचांनी उशी गादीवर ठेवून तिचे कोपरे सारखे केले. मग चाची बोललीच नाही, ती पुढचे दोन दिवस.

म्हणजे ती सगळ्यांशी बोलायची, फक्त त्यांच्याशी नाही. जेवणाच्या टेबलावर ते समोर बसलेले असायचे आणि ती मला सांगायची, "बाई, त्यांना सांगा, चहा निवतोय." मी सांगायचे. चाचा मला सांगायचे की तिला म्हणावं पितो. नटूनथटून जेवायला जायच्या संध्याकाळी चाची तिच्या हिरव्या रेशमी साडीत आणि चाचा कोटात असे निघाले की जिन्यावरचा फोटोवाला धावतच आला. त्याने दोघांना उभं केलं, चाचांचा हात चाचीच्या खांद्यावर ठेवला आणि एकमेकांकडे बघून हसा म्हणाला. चाचीने माझ्याकडे बघून विचारलं की हसायचंच आहे का. मी मान हलवली. ती चाचांकडे बघून हसली, फोटो निघाला आणि पुढच्या क्षणाला चेहरा परत मिटला. दुसऱ्या दिवशी तो फोटो मांडून ठेवला होता. अख्ख्या भिंतीवर त्यांच्याइतकं सुखी जोडपं दुसरं नव्हतं.

कोचीला आम्ही दोघी खाली उतरलो. चाचा आणि आमचे हे जहाजावरच थांबले. परत आल्यावर चाची मला वरच्या डेकवर घेऊन गेली. सूर्य खाली आला होता. नमाज झाल्यावर ती बाकावर बसली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "बाई, तुमी भूगोल शिकवता. तुमाला ठाऊक होतं ना?"

मी कबूल केलं. तिकडे तेव्हा सकाळ असते हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, बोलायचा धीर झाला नाही. चाची माझ्याकडे वळली आणि तिला खरंच हसू फुटलं. सकाळ असते एवढं तिला कळत नाही का, म्हणाली. बावीस वर्षं त्यांचा दुपारचा फोन ती रात्रीच घेत होती. सूर्य बुडताना बघतात असं ते कधी म्हणालेच नव्हते, समुद्र बघतात म्हणाले होते. तिचं भांडण घड्याळाशी नव्हतं, खिडकीशी होतं. "बरसातीत हितं दार लावून बसायचे ना," ती म्हणाली, "तवा जीव कोंडायचा. मग मनात म्हणायचे, त्यांची खिडकी हाय. तेवढ्यावर झोप लागायची. खोटं बोलले त्याचं काय नाय. पण एकट्यानं बोलले. मला सांगितलं असतं तर दोघं मिळून बोललो असतो."

ते वाक्य मी जसंच्या तसं चाचांना जाऊन सांगितलं. निरोप्याचं काम करून करून मला त्याची सवयच झाली होती.

चौथ्या दिवशी पुन्हा नुसता समुद्र. जहाजाची पडद्यामागची बाजू, म्हणजे स्वयंपाकघर आणि धोबीघाट दाखवायची एक सहल होती. आम्ही चौघे गेलो. खालच्या लांबलचक गल्लीत आल्याबरोबर चाचा सहलीच्या वाटाड्याच्याही पुढे गेले. इथे कणीक, इथे अंडी, इथे बर्फ, टॉवेल सुकवायचं यंत्र हे. वाटाड्याने दोनदा त्यांना मागे घेतलं आणि तिसऱ्यांदा नाद सोडला. शेवटी चाचीने वाटाड्याला खुणेनेच विचारलं की कामगारांची एखादी खोली बघता येईल का. त्याने नम्रपणे नकार दिला. तिथे प्रवाशांना जाता येत नाही.

आम्ही वर खोलीत आलो. चाची गादीवर बसली आणि दोन दिवसांत पहिल्यांदा थेट चाचांना म्हणाली, "मग तुमीच दाखवा."

चाचांनी दोन मोठे टॉवेल घेतले, लांबट गुंडाळले आणि जमिनीवर भिंतीपासून अंतर मोजून मांडले. मग अजून दोन. चौकोन तयार झाला. तो त्या खोलीच्या अर्ध्यापेक्षा लहान होता, आणि ती खोलीच मुळात लहान. ते आत उभे राहिले. इथे खाली झोपायला एक बाक, त्याच्यावर दुसरा, वरचा माझा. इथे कपाट, दोघांत एक. इथे पडदा. इथे उभं राहून दाढी. चाचीने विचारलं, दोन माणसं मावायची कशी? चाचा म्हणाले, ये ना. ती आत गेली. मग तिने मला ओढलं. मग आमच्या ह्यांनाही. चार माणसं त्या चौकोनात गुडघ्याला गुडघे लावून खाली बसलो. ह्यांचं कोपर माझ्या बरगडीत आणि चाचीचा पदर माझ्या तोंडात.

"आणि खिडकीच्या जागी काय होतं?" चाचीने विचारलं.

चाचांनी समोरच्या भिंतीकडे बोट केलं. तिथे बोर्लीच्या किराणा दुकानाचं कॅलेंडर लावलेलं असायचं, प्रत्येक सुट्टीत ते नवं घेऊन जायचे. चित्र कसलं? चाचा जरा ओशाळले. बर्फाचा डोंगर. दरवर्षी बर्फाचाच डोंगर. दिवसभर समुद्रात असल्यावर समुद्राचं चित्र कोण लावणार, म्हणाले.

चाची त्यांच्याकडे वळली. "म्हणजे बावीस वर्षं मी वाळूत बसून बर्फाकडे बघत होते?"

आधी आमचे हे फुटले. मग मी. मग चाची, आणि ती हसायला लागली की तिला थांबवणं कठीण. चाचा हसावं की नाही अशा पेचात, आणि शेवटी तेही. चौकोनातून कुणाला उठता येईना, कारण एकाचा पाय दुसऱ्याखाली. पलीकडच्या खोलीतल्या माणसाने भिंतीवर थाप मारली. त्याने आम्ही अजूनच हसलो.

हसणं ओसरल्यावर चाचा सांगायला लागले. पहिल्या नोकरीच्या पहिल्या फोनवर चाचीने विचारलं होतं, खिडकी आहे ना? तिचा आवाज असा होता की नाही म्हटलं असतं तर ती परत या म्हणाली असती आणि ते परत आले असते. म्हणून हो म्हणाले. "एकदा खिडकी बसवली," ते म्हणाले, "मग काढायची कशी?" पुढच्या फोनला तिने आकार विचारला. त्याच्या पुढच्या फोनला कडी.

मग ते म्हणाले की एक गोष्ट मात्र खोटी नव्हती. तिकडे सकाळी नऊ वाजता ते रोज बाल्कनीवाल्या खोल्यांत असायचे. पाहुणे न्याहारीला गेलेले. बाल्कनीची काच पुसायची असायची. दिवेआगरात आता मगरिबची, सूर्य बुडायची वेळ झाली, हा हिशेब ते रोज करायचे. "ती काच मी जरा जास्त पुसायचो, मेहरू."

चाचीने विचारलं, किती जास्त?

"दोन मिनिटं."

"मी अर्धा तास बसायचे," ती म्हणाली, आणि त्यांच्या कोटाची वर आलेली कॉलर तिने खाली करून सारखी केली.

त्या संध्याकाळी ती दोघं जेवायला आलीच नाहीत. वरच्या डेकवर कठड्याला टेकून आइस्क्रीम खात होती. आम्हाला बघून चाचीने ओळख दाखवली नाही.

पाचव्या दिवशी सकाळी जहाज मुंबईला लागलं. उतरायची पाळी येईपर्यंत सगळे हॉलमध्ये बसले होते. एक परदेशी तरुण अधिकारी बाई प्रवाशांचे अभिप्राय घेत फिरत होती. बहुतेकांनी मोबाइलवरच लिहिलं, पण तिच्याकडे कागदही होते. चाचीने एक मागून घेतला. स्टुअर्डचं नाव चांगल्या शब्दांत लिहिलं तर वरच्या साहेबांपर्यंत पोचतं आणि तिचं भलं होतं, हे तिला माहीत होतंच. तिने मला सांगून मार्थाचं नाव चार ठिकाणी लिहून घेतलं. मग त्या अधिकारी बाईने विचारलं की आणखी काही सुचवायचं आहे का.

चाची म्हणाली, हाय. मराठीतच, सावकाश, चाचांनी इंग्रजीत सांगावं म्हणून थांबत थांबत तिने सांगितलं. जहाज चांगलं आहे, जेवण चांगलं आहे, पण खाली जी माणसं नऊ नऊ महिने राहतात, त्यांच्या बायका घरी असतात. त्या विचारतात. तेव्हा खाली कुठेतरी, सगळ्यांत मिळून असली तरी चालेल, एक खिडकी करा. त्यांनी रोज दोन मिनिटं तिथे उभं राहावं.

चाचांनी ऐकून घेतलं. अधिकारी बाईकडे वळून ते अदबीने हसले आणि इंग्रजीत म्हणाले की माझी बायको म्हणतेय, जेवण फार उत्तम होतं.

बावीस वर्षं फोनवर जहाज ऐकलेल्या बाईला इंग्रजीतले दहा-बारा शब्द तरी येणारच, आणि खिडकीचा त्यांत पहिला. तो शब्द चाचांच्या बोलण्यात आला नाही हे तिला बरोबर कळलं. तिने नवऱ्याकडे एकदा बघितलं, माझ्या हातातलं पेन घेतलं, कागद मांडीवर ठेवला आणि मार्थाच्या चार नावांच्या खाली एक चौकोन काढला. त्यात चार उभे गज ओढले, बाजूला दोन उघडी दारं काढली. आमच्याकडच्या घरांना असते तशी. मग तिने कागद त्या बाईच्या हातात दिला.

अधिकारी बाईने तो उलटा धरला, सुलटा केला आणि विचारलं की हे काय आहे, घर आहे का. चाचीने चाचांच्या पाठीवर हात ठेवून त्यांना पुढे सरकवलं. चाचांनी घसा साफ केला, कोट सारखा केला आणि तिचं सगळं म्हणणं, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत, सांगितलं.